कापूस कुणाच्या कानात?

मोटरसायकलला आपल्याकडे पूर्वी फटफटी म्हणत. नातवंडांपुढे हा शब्द काढला की ती हसतात, पण मला तो फार शहाणा शब्द वाटतो. बैलगाडी बैलांवरून, आगगाडी आगीवरून, सायकल चाकांवरून. फटफटी हे नाव मात्र ती चालवणाऱ्याने ठेवलेलं नाही. ते ठेवलं ओट्यावर निवडत-टिपत बसलेल्या बायकांनी, पारावरच्या म्हाताऱ्यांनी, शाळेच्या खिडकीतून माना बाहेर काढणाऱ्या पोरांनी. ज्यांना ती दिसायच्या आधी ऐकू आली, त्यांनी. (आवाजावरून नाव पडलेलं दुसरं वाहन मला टमटम सोडून आठवत नाही. कुणाला आठवलं तर जरूर कळवा.)

तर आज लिहायचं आहे ते या फटफटीचं तोंड बंद करणाऱ्या वस्तूबद्दल, म्हणजे सायलेन्सरबद्दल. आयुष्यभर शिवाजीमहाराज आणि फ्रेंच राज्यक्रांती शिकवलेल्या बाईंना हे काय सुचलं, असं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना वाटेल. पण मंडळी, सायलेन्सरलाही इतिहास आहे, आणि तो यंत्रांच्या इतिहासापेक्षा शेजाऱ्यांच्या इतिहासात जास्त शोभतो.

सुरुवात इंग्लंडपासून करू. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या रस्त्यांवर मोटारींना ताशी २० मैलांची, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरची मर्यादा होती. फ्रान्समध्ये गाड्या धावत होत्या आणि इंग्रज कारखानदार आपल्या गाड्या पळवून बघू शकत नव्हते. तेव्हा ह्यू लॉक किंग नावाच्या धनिकाने सरे परगण्यात, वेब्रिजजवळच्या आपल्या मालकीच्या जमिनीवर, स्वतःच्या खर्चाने काँक्रीटचा भलामोठा गोल रस्ता बांधला. लांबी पावणेतीन मैल, वळणावर भिंतीसारखा चढ. हे ब्रुकलंड्स. मोटारींच्या शर्यतींसाठी मुद्दाम बांधलेला हा जगातला पहिला मार्ग. तो १७ जून १९०७ रोजी उघडला.

उघडून दोन आठवडेही झाले नव्हते, तोच एस. एफ. एज नावाच्या चालकाने चोवीस तास सलग गाडी चालवायचा विक्रम करायचं ठरवलं. २८ जूनच्या संध्याकाळी तो निघाला. सोबतीला आणखी दोन नेपियर गाड्या, रात्री मार्ग दिसावा म्हणून कडेने लाल कंदील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थांबला तेव्हा त्याने ताशी सुमारे ६६ मैलांच्या सरासरीने १,५०० मैलांच्या वर अंतर कापलं होतं. पराक्रम मोठाच. वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं.

पण वेब्रिजमध्ये त्या रात्री माणसं झोपायला गेली होती की नाही? तीन अजस्र इंजिनं रात्रभर घोंघावत होती. रहिवाशांनी इतकी ओरड केली की ब्रुकलंड्सवर रात्रीच्या शर्यती बंद झाल्या, त्या कायमच्याच. पुढे फ्रान्समध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत गाजू लागली तेव्हा इंग्रजांनाही तसं काही करावंसं वाटलं. मग त्यांनी १९२९ साली 'डबल ट्वेल्व्ह' काढली. सकाळी आठ ते रात्री आठ एक दिवस, रात्री गाड्या कुलपात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा तास. मला हे फार आवडतं. शर्यतीच्या नावातच शेजाऱ्यांची झोप लिहून ठेवली आहे!

दिवसाचा गोंगाट मात्र चालूच होता. पहिल्या महायुद्धानंतर तर विमानांची इंजिनं बसवलेल्या राक्षसी गाड्या तिथे येऊ लागल्या. त्यांतल्या एकीचं नाव 'चिटी बँग बँग', इंजिन तब्बल २३ लिटरचं. मोटरसायकली तर १९०८ पासूनच धावत होत्या. शेवटी १९२४ च्या सुमारास रहिवासी कोर्टात गेले. निष्पन्न काय झालं, तर ब्रुकलंड्सवर धावणाऱ्या प्रत्येक गाडीला, अगदी शर्यतीच्या मोटरसायकलीलासुद्धा, सायलेन्सर सक्तीचा झाला. शर्यतवाले चिडले. वेग मारला जातो, मजा जाते, वगैरे. पण नियम तो नियम. पोटाला गोल आणि शेपटीला माशासारखा चपटा असा जो डबा सगळ्यांना लावावा लागला, त्याला नावच पडलं 'ब्रुकलंड्स कॅन', म्हणजे ब्रुकलंड्सचा डबा. आणि गंमत पुढेच आहे. काही वर्षांत साध्या रस्त्यावर फिरणारी पोरं आपल्या मोटरसायकलीला हौसेने हा डबा बसवून घेऊ लागली. का, तर शर्यतीच्या गाडीला असतो म्हणून! शेजाऱ्यांनी कोर्टात जाऊन लादलेली वस्तू ऐटीची झाली.

सायलेन्सरची कल्पना अर्थातच याहून जुनी. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या डब्याचं पेटंट घेतलं होतं. आणि हायरम पर्सी मॅक्सिमला विसरून चालणार नाही. याचे वडील म्हणजे मॅक्सिम तोफेचे, मिनिटाला शेकडो गोळ्या झाडणाऱ्या त्या यंत्राचे जनक. तोफांच्या सहवासात वडिलांचे कान गेले. मुलाने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि त्याच्या कंपनीने पुढे इंजिनांचे सायलेन्सर केले. बाप बहिरा आणि मुलगा आवाज मारणारा. कादंबरीत लिहिलं तर खोटं वाटेल.

आता थोडं विज्ञान. (माझं नाही, नातवाचं. मी फक्त मराठी केलं आहे.) इंजिनात पेट्रोल पेटलं की झडप उघडून गरम वायू एकदम बाहेर झेपावतो. फुगा फुटावा तसा. तीन हजार फेऱ्यांवर फिरणारं एका सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन असे सेकंदाला पंचवीस फुगे फोडतं. हे फुगे गप्प करायचे दोन मार्ग. एक, डब्यात आडव्या भिंती घालून खोल्या करायच्या, म्हणजे आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत आपल्यालाच खोडून काढतो. दुसरा, मधून भोकाभोकांची सरळ नळी न्यायची आणि नळी व डबा यांच्या मधल्या पोकळीत तंतूंचा पदार्थ भरायचा. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती तंतूंच्या गर्दीत शिरते, घासत घासत दमते आणि तिची किंचितशी उष्णता होऊन जाते.

आमच्याकडे जी जावा होती ती पहिल्या प्रकारातली. मैसूरच्या आयडियल जावाची, साठच्या दशकातली. ह्यांनी ती १९७९ मध्ये जुनी घेतली. टू स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं, त्यामुळे सायलेन्सरच्या आत काळा कीट बसायचा आणि गाडी चढाला धापा टाकायची. मग एखाद्या रविवारी हे दोन्ही बाजूंच्या सायलेन्सरमधल्या जाळ्या उपसून काढत आणि परसात कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ठेवत. मी मुलांना तिकडे फिरकू देत नसे. शेजारच्या स्कूटरवाल्यांचा मार्ग सोपा, ते गॅरेजमध्ये सायलेन्सर 'जाळून' आणत. म्हणजे पुंगळी खरोखरच आगीत धरायची, आतला कीट पेटून जाईपर्यंत. वास अजून नाकात आहे.

दुसऱ्या प्रकाराचा, तंतू भरण्याचा, इतिहास मला जास्त मोहक वाटतो. कारण त्याची मुळं गॅरेजमध्ये नाहीत, वर्गात आहेत. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात नवीन व्याख्यानगृह बांधलं गेलं आणि त्यात कुणाचंच बोलणं कुणाला कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर पुढचे दहा शब्द त्याच्यावर येऊन पडायचे. (ज्यांनी पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात वर्ग घेतले आहेत त्यांना हे दुःख निराळं सांगायला नको.) वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते दुरुस्त करायचं काम आलं. त्याने काय करावं? जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणाव्यात, एकेक करून सभागृहात मांडाव्यात, बाजाच्या एका पाइपातून सूर सोडावा आणि तो विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावं. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर. रात्रीच का, तर दिवसा रस्त्यावरचा गलका मोजणीत यायचा. अशा कित्येक रात्री जागून त्याने मऊ वस्तू आवाज किती पितात याचं पहिलं गणित मांडलं. १९०० साली उघडलेलं बोस्टनचं सिंफनी हॉल त्याच गणितावर उभं आहे.

पण नाट्यगृहातली गादी इंजिनाच्या नळीत घातली तर जळून जाईल. तिथे न जळणारा कापूस हवा. पोलादाचा कीस, भट्टीतल्या मळीपासून काढलेली लोकर, ॲसबेस्टॉस हे पदार्थ होतेच. आज सगळीकडे दिसतं ते ग्लासवूल, म्हणजे काचेचे तंतू, ते सापडलं अपघाताने. १९३२ साली ओवेन्स-इलिनॉय या अमेरिकन कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेच्या विटा एकमेकींना जोडायच्या खटपटीत होता. दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेच्या धारेवर पडला आणि काचेचे झिरझिरीत धागे उडाले. विटा राहिल्या बाजूला! त्याचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांनी ते धागे कामाचे केले आणि १९३८ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनीच निघाली.

हे सगळं मी वाचायला का घेतलं, तर नातवामुळे. त्याने गेल्या वर्षी जुनी बुलेट घेतली. तिचा कंपनीचा सायलेन्सर आधीच्या मालकाने कधीच काढून टाकला होता आणि बाजारातला सरळ नळीचा, ग्लासवूल भरलेला बसवला होता. ग्लासवूल कायम टिकत नाही हे आधीच्या मालकाला ठाऊक नसावं किंवा ठाऊक असूनही फिकीर नसावी. उष्णतेने तंतू ठिसूळ होतात, ऑइलने चिकटतात आणि वायूच्या माऱ्याने थोडे थोडे बाहेर उडून जातात. मग डबा उरतो नावाचा. आमच्या बुलेटचं तसंच झालं होतं. सकाळी सात वाजता ती सुरू झाली की देवघरातली पळी ताम्हनात वाजायची.

आमच्या खाली तळमजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. मार्चमध्ये त्यांना पक्षाघात झाला. आवाजाने दचकतात, दचकले की डावा हात थरथरत राहतो. एक दिवस त्यांच्या पत्नी वर आल्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्या म्हणाल्या, "बाई, तुमचा नातू नक्की किती वाजता निघतो हो? म्हणजे मी आधीच ह्यांच्या कानात कापूस घालून ठेवीन."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. चिरंजीव आतल्या खोलीत बूट घालत होते. त्या दिवशी त्यांनी गाडी फाटकापासून कोपऱ्यावरच्या वडापर्यंत ढकलत नेली.

कंपनीचा सायलेन्सर तेव्हा मिरजेत मिळेना, सांगलीत मिळेना. नोंदवला, पण वेळ लागेल म्हणाले. तोवर काय, म्हणून त्याने रविवारी घरीच सायलेन्सर उघडायचं ठरवलं. मी खुर्ची टाकून बसले. आधी डब्याच्या टोकाचे रिव्हेट ड्रिलने फोडले, आठ होते. टोपण ठोकून ठोकून निघालं. नळी बाहेर ओढली तर इंजिनाकडच्या बाजूला काही म्हणजे काही नव्हतं, आणि शेपटीकडे काळा, तेलकट बोळा. तो उपसायच्या आधी त्याने त्यावर पाणी शिंपडलं, धूळ उडू नये म्हणून. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. काचेचे तंतू अंगाला लागले की खाज सुटते आणि श्वासातून जाऊ देऊ नयेत हे बरंच. हा काच-कापूस ॲसबेस्टॉससारखा कर्करोगाच्या यादीत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००१ मध्ये त्याला त्या संशयातून मोकळं केलं, हे मी वाचून ठेवलं होतं. तरी वाळत घातलेले कपडे मी आत घ्यायला लावलेच.

जुना बोळा त्याने माझ्या पोहे मोजायच्या काट्यावर ठेवला. (पिशवीत घालून. तरी मी ओरडले.) भरला ९० ग्रॅम. नवीन भरलं ते २४० ग्रॅम. आधी जाळीच्या नळीवर स्टीलच्या किसाचा एक पातळ थर, कारण तो उष्णता सोसतो आणि भोकांतून काचतंतू उडू देत नाही. त्यावर ग्लासवूलची चादर गुंडाळली आणि कागदी चिकटपट्टीने जागोजाग बांधली. पट्टी नंतर आत जळून जाते.

"अजून दाबून भर की," मी म्हटलं.

"नको आज्जी, फार दाबलं की आवाज आत शिरतच नाही, भिंतीवर आपटल्यासारखा परत येतो. आणि सैल ठेवलं तर महिन्याभरात उडून जाईल."

मला एकदम पिंजारी आठवला. दिवाळीच्या आधी धनुकली वाजवत दारावर यायचा. गादीतल्या कापसाचे गठ्ठे झाले की तो सगळा कापूस बाहेर काढून पिंजायचा आणि पुन्हा भरायचा. भरताना हाताने चाचपत असायचा, कुठे दाट नको, कुठे विरळ नको. आई म्हणायची, कापूस तोच, पण पिंजल्याशिवाय गादी नाही. काच-कापसाला मात्र पिंजणं नाही, जुना टाकूनच द्यावा लागतो.

टोपण बसवताना त्याने आतल्या बाजूला खिळ्याने त्या दिवसाची तारीख कोरली. मग नवे रिव्हेट. गाडी सुरू केली तेव्हा पहिली दहा मिनिटं धूर आणि जळक्या पट्टीचा वास. फोनवर आवाज मोजायचं काहीतरी त्याच्याकडे आहे. त्यात आधी ९८ आला होता, आता ९१. फोनचा आकडा कायद्याच्या मोजणीशी जुळवायचा नसतो, ती ठरलेल्या अंतरावरून आणि ठरलेल्या पद्धतीने करतात, हे त्यानेच सांगितलं. पण कानांना फरक कळला. कानठळ्या बसवणारी धार गेली होती. 'धप धप' मात्र राहिली. तंतूंना बारीक, चिरका आवाज पिता येतो, खर्ज फारसा पिता येत नाही. खर्ज मारायचा तर त्या खोल्यांच्या भिंतीच लागतात, म्हणजे कंपनीचाच सायलेन्सर.

आणि कायदाही तेच सांगतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत प्रत्येक गाडीला सायलेन्सर असलाच पाहिजे असा नियम आहे, आणि १९८८ च्या कायद्यात आवाजाच्या मर्यादा मोडणाऱ्याला दंड आहे. आपल्या शहरांतले पोलीस जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोड रोलर फिरवतात, त्याची छायाचित्रं तुम्ही पेपरात पाहिली असतील. मला ते दृश्य पटतंही आणि थोडं खटकतंही. पटतं, कारण दवाखान्यासमोरून मुद्दाम फटाके फोडत जाणारी पोरं मी पाहिली आहेत. खटकतं ते एवढ्यासाठी, की विकणाऱ्याच्या दुकानावरून रोलर फिरल्याचं मी अजून वाचलेलं नाही.

वेब्रिजच्या लोकांबद्दल शर्यतवाल्यांच्या बाजूने लिहिणारे 'कटकटे शेजारी' अशा सुरात लिहितात. मला ते तसे वाटत नाहीत. वेब्रिजचे रहिवासी खाऊनपिऊन सुखी होते, वकील करू शकत होते. कानात कापूस घालायचं त्यांनी नाकारलं आणि तो मोटारीच्या पोटात घालायला लावला. आमच्या पोस्टमास्तरांच्या घरी कोर्टात जायची ताकद नाही आणि तशी इच्छाही नाही. तिथे काम झालं ते त्या बाईंच्या एका साध्या प्रश्नाने, आणि तेही चिरंजीवांनी तो ऐकला म्हणून.

कंपनीचा सायलेन्सर दोन महिन्यांनी आला. बसवल्यावर तिसऱ्या दिवशी पोस्टमास्तरीणबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "काय हो बाई, नातू गावाला गेलाय का?" मी म्हटलं, रोज सातला जातो आहे.

जुना सायलेन्सर, म्हणजे नव्याने भरलेला तो, एका मुलाने दीड हजाराला मागितला होता. नातू म्हणाला, दिला तर दुसऱ्या कुणाच्या तरी गल्लीत वाजेल. ग्राइंडरने मधोमध कापून भंगारवाल्याला दिला. पन्नास रुपये आले.